विनिनचा निरोप

"विज्ञानात माणूस मरत नाही, ग्लेंडा. तो फक्त संदर्भसूचीत राहायला जातो."

प्रोफेसर ओरेस्ट मलान्युकने हे वाक्य उच्चारायला घेतलं तेव्हा त्याची हनुवटी टेबलाच्या चांगली हातभर वर होती. वाक्य संपलं तेव्हा ती टेबलाच्या कडेला टेकली होती. त्याच्या खुर्चीच्या दांड्यातली हवा सप्टेंबरपासून गळत होती. लांब वाक्य बोललं की तो बोलता बोलता खाली जायचा, आणि ओरेस्टची वाक्यं लांबच असायची.

ग्लेंडा फ्रीसन पस्तीस वर्षं त्याची लॅब सांभाळत होती. तिने वर पाहिलं नाही.

"संदर्भसूचीत जा नाहीतर आणखी कुठे जा, बॉस. पण जायच्या आधी उणे ऐंशीच्या फ्रीझरमधली तुझी त्या पेरोगी करंज्यांची पिशवी काढ. सोमवारी तपासणीवाले येतायत."

"ती पेरोगी नाहीत. दोन हजार तीन सालचे नमुने आहेत."

"नमुन्यांवर 'बटाटा आणि चीज' असं कोण लिहितं?"

ओरेस्ट उठला, खुर्ची वर ओढली आणि पुन्हा बसला.

मार्चचा पहिला आठवडा होता. विनिपेगमध्ये उणे बावीस होतं, म्हणजे लोक टोप्या काढून हिंडू लागले होते. एप्रिलअखेर ओरेस्ट निवृत्त होणार होता, आणि त्याआधी, तीन आठवड्यांनी, गुरुवारी दुपारी तीन वाजता त्याचं निरोपाचं व्याख्यान होतं. त्याच दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीला त्याचं नाव द्यायचं ठरलं होतं. पितळी पाटी तयारसुद्धा होती.

हा सगळा मान एका पेपरमुळे होता. साल १९९३. पेपर होता तेरा पानांचा, आणि गेल्या तीस वर्षांत पाच हजार दोनशे चौदा लोकांनी आपापल्या पेपरात त्याचा हवाला दिला होता. ओरेस्ट हा आकडा रोज सकाळी बघायचा. त्याच्या वयाचे इतर लोक सकाळी साखर किंवा रक्तदाब बघतात, त्यातलाच प्रकार. या धंद्यात माणसाचं वजन किलोत करत नाहीत. त्याचं नाव किती जणांनी शेवटच्या पानावर बारीक टायपात छापलं, यावर ते ठरतं. ओरेस्टची बढती, लॅब, तो फ्रीझर, इतकंच काय, हिवाळ्यात इंजिन गरम ठेवायला गाडीला वायर लावता येते अशी दारालगतची पार्किंगची जागा, हे सगळं त्या आकड्यातून आलं होतं.

पेपरात काय होतं ते सांगायला हवं, कारण गोष्ट त्यावरच आहे.

पेशीच्या बाहेर काही घडलं की त्याचा निरोप आत, पार केंद्रकापर्यंत जावा लागतो. तिथं ठरतं, वाढायचं की थांबायचं, जगायचं की मरायचं. हा निरोप प्रथिनं एकमेकांच्या हातात देत देत आत नेतात. ओरेस्टने दाराशीच एक नवं प्रथिन शोधलं, आणि गावावरून त्याचं नाव ठेवलं 'विनिन'. विनिन हाच निरोप्या असणार, असं सगळ्यांनी धरून चालायला सुरुवात केली. ओरेस्ट आणि ग्लेंडाने चार वर्षं खपून ते तपासून पाहिलं. आणि त्यांना जे दिसलं ते असं, की विनिन निरोप पोचवत नाही. तो नुसता दाराशी उभा असतो. निरोप त्याच्या अंगावरून जातो आणि त्याला पत्ताही नसतो.

शोध काही झगमगीत नव्हता. पण खरा होता. ज्या दिवशी शेवटचा प्रयोग जुळला त्या दिवशी जगात ही गोष्ट फक्त दोन माणसांना ठाऊक होती, आणि त्यातली एक डबा खात होती. ओरेस्टला आयुष्यात त्याहून मोठं सुख पुन्हा लाभलं नाही. लग्नातसुद्धा नाही, पण हे त्याने घरी सांगितलं नव्हतं.

"शीर्षकात 'नाही' घाल," ग्लेंडा तेव्हाच म्हणाली होती. "विनिन निरोप पोचवत नाही. चार शब्द. संपलं."

"नकारार्थी शीर्षक कोण वाचतं?" ओरेस्ट म्हणाला होता, आणि त्याने शीर्षक दिलं : 'पेशीच्या निरोप-साखळीतील विनिनची भूमिका'.

व्याख्यानाच्या पडद्यावर दाखवायला त्याला पाच चांगली अवतरणं हवी होती. पाच हजारांतली पाच. म्हणून तो ग्रंथालयात लुर्देस माग्सिनोकडे गेला. लुर्देस मूळची मनिलाची, विनिपेगला येऊन वीस वर्षं झालेली, आणि सगळ्या विद्यापीठात ओरेस्टला 'डॉक' म्हणणारी एकटीच.

"डॉक, आधी एक सांगते, रागावू नका. तुमचा पेपर आपल्याकडे नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"ते मासिक आपण सत्त्याण्णवपासून घेतोय. त्र्याण्णव आपल्याकडे कधी नव्हतंच. दुसरीकडून मागवावं लागतं."

"आजवर किती जणांनी मागवलं?"

लुर्देसने संगणकात बघितलं, मग ओरेस्टकडे, मग पुन्हा संगणकात, जणू तिथला आकडा तेवढ्यात वाढेल. "एकाने," ती म्हणाली. "दोन हजार सहामध्ये. तुमच्याच विभागात कुणीतरी सिग्रिड होती."

यादी मात्र तिने झकास काढून दिली. प्रत्येक पेपर, आणि त्यातलं नेमकं ते वाक्य, ज्यात मलान्युकचा हवाला होता. ओरेस्ट ती घेऊन वर आला, खुर्ची ओढून बसला आणि पहिलं वाक्य त्याने मोठ्याने वाचलं.

"'विनिन हे प्रथिन निरोप केंद्रकापर्यंत पोचवते, हे सर्वज्ञात आहे. मलान्युक, १९९३.'"

"गाढव आहे कुणीतरी," ग्लेंडा म्हणाली. "पुढचं वाच."

"'मलान्युक यांनी निर्विवादपणे दाखवल्याप्रमाणे, विनिन निरोप पोचवते.'"

"पुढचं."

पुढचंही तेच होतं. त्याच्या पुढचंही. कुणी 'सुंदर रीतीने दाखवले' म्हणत होतं, कुणी 'या अजरामर संशोधनात' म्हणत होतं. जेवढी स्तुती मोठी तेवढं वाक्य जास्त चुकलेलं. विसाव्या वाक्यापर्यंत ओरेस्टची हनुवटी टेबलाला लागली होती आणि या वेळी त्याने खुर्ची वर ओढली नाही.

"पाच हजारांत एक तरी असेल ना," तो म्हणाला. "ज्याने नीट वाचलंय असा एक."

यानंतर त्याला पाच अवतरणं नको होती. त्याला एक हवं होतं.

पुढचे अकरा दिवस तो सकाळी नऊला यायचा आणि पाचला जायचा, आणि मधल्या वेळात स्वतःबद्दल चांगलं वाचायचा. इतकी स्तुती सलग वाचायची शिक्षा फार थोड्यांना होते. बायको ब्रँडनला कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवण्याच्या, स्पर्धेला गेली होती. फोनवर तिने विचारलं, "कसं चाललंय?" तो म्हणाला, "सगळे माझं कौतुक करतायत." ती म्हणाली, "मग आवाज असा का?"

सहाव्या दिवशी लुर्देसचा फोन आला.

"डॉक, तुमचा पेपर चौदाशे एकाहत्तर पानावर सुरू होतो ना?"

"हो."

"मग हे सगळे चौदाशे सतरा का म्हणतायत? पाच हजारांतल्या जवळजवळ सगळ्यांनी आकडे उलटे छापलेत."

"चौदाशे सतरावर काय आहे?"

"बघितलं मी. बेडकाच्या अंड्यांवरचा लेख आहे."

म्हणजे पाच हजार माणसांपैकी कुणी एकाने जरी ते पान उघडलं असतं, तर त्याला बेडूक भेटले असते. तीस वर्षांत एकाचीही तक्रार आली नव्हती. लोक एकमेकांच्या शेवटच्या पानावरून ती ओळ उतरवून घेत आले होते. ओरेस्टला एकदम थंडी वाजली. त्याने कोट घातला आणि कोट घालूनच बसून राहिला.

"पण पहिला कोण?" तो म्हणाला. "ग्लेंडा, कुणीतरी पहिल्यांदा आकडे उलटे केले असतील. त्यानेच 'नाही' खाल्लं असणार. तो एकदा माझ्या हाती लागू दे."

लुर्देसने माग काढला. तो १९९५ सालच्या एका आढावा-लेखात जाऊन थांबला. पान चौदाशे सतरा, पहिल्यांदा. आणि वाक्य, पहिल्यांदा : 'विनिन निरोप पोचवतो, हे आम्ही दाखवले.'

"'आम्ही' कोण?" ओरेस्टने विचारलं.

लुर्देसने लेखाचं पहिलं पान त्याच्याकडे सरकवलं. लेखकाचं नाव होतं ओ. मलान्युक.

तो वर आला तेव्हा ग्लेंडा काचेच्या बाटल्या खोक्यात भरत होती. त्याने पान तिच्यासमोर धरलं. तिने चष्मा वर केला, वाचलं, आणि बराच वेळ तिला टोमणा सुचला नाही. पस्तीस वर्षांत असं दुसऱ्यांदा झालं होतं.

"विमानतळ," ती शेवटी म्हणाली. "आठवतंय? टोरोंटोला निघाला होतास. संपादकाचा फॅक्स आला, दोनशे शब्द कमी करा, नाहीतर लेख पुढच्या वर्षी. तू तिथूनच मला फोनवर सांगत होतास आणि मी इथं खोडत होते."

त्याला आठवलं. नीट आठवलं, कारण ही गोष्ट तो विद्यार्थ्यांना कौतुकाने सांगायचा. एकशे त्र्याण्णव शब्द कापून झाले होते. सात हवे होते. विमानात चढायची घोषणा झाली होती. मूळ वाक्य होतं : 'विनिन निरोप पोचवतो असे मानले जात होते, पण तसे नाही, हे आम्ही दाखवले.' आणि त्याला एकदम मधले सात शब्द दिसले होते, सुटे, नेमके सात, कुणी मुद्दाम ठेवावेत तसे. व्याकरणाला धक्काही लागत नव्हता. 'असे मानले जात होते पण तसे नाही.' काढ, ग्लेंडा. निघालो.

"पानाचे आकडे मी उलटे टाइप केले असतील," ग्लेंडा म्हणाली. "ते माझं."

"ते राहू दे."

"मी तेव्हा म्हणायला हवं होतं."

"तू त्र्याण्णवमध्येच म्हणाली होतीस," ओरेस्ट म्हणाला. "चार शब्द."

यादीत आता थोडेच पेपर उरले होते. नवव्या दिवशी त्याला तो एक सापडला. २००८ सालचा, एका छोट्या मासिकातला, चार पानांचा. त्यात लिहिलं होतं : 'आमच्या प्रयोगांत विनिन निरोप पोचवताना दिसत नाही. या बाबतीत मलान्युक यांचे म्हणणे चुकीचे आहे, असे आम्हाला नम्रपणे वाटते.'

साऱ्या जगात एका माणसाला खरं सापडलं होतं, आणि ते त्याने ओरेस्टला खोटं ठरवून मांडलं होतं. त्या पेपराचा हवाला आजवर दोनदा दिला गेला होता. दोन्ही ठिकाणी मजकूर एकच : 'हा निष्कर्ष मलान्युक यांच्या प्रस्थापित संशोधनाशी विसंगत असल्याने ग्राह्य धरता येत नाही.'

लेखिका होती सिग्रिड थॉरवाल्डसन. याच इमारतीतली, तिसऱ्या मजल्यावरची विद्यार्थिनी.

त्याने जुन्या टपालात शोधलं. २००६ सालचं तिचं पत्र निघालं. 'सर, दोन वर्षं प्रयोग करतेय. विनिन निरोप पोचवताना मला एकदाही दिसला नाही. सगळे म्हणतात माझा हात चुकतोय. तुमचा मूळ पेपर मागवलाय, पण तो यायला वेळ लागेल आणि मार्गदर्शक थांबायला तयार नाहीत. तुम्ही दहा मिनिटं द्याल का?' खाली ओरेस्टचं उत्तर होतं. दीड ओळीचं. 'द्रावणातलं मीठ तपासा. बहुतेक तिथं गडबड असते. शुभेच्छा.'

तिने दोन मजले खाली यायचं, एवढंच अंतर होतं.

सिग्रिड आता गिमलीला शाळेत शिकवत होती. त्याने दुपारच्या सुट्टीत फोन केला. पाठीमागे पोरांचा कल्ला चालला होता.

"कोण मलान्युक?" ती म्हणाली. मग म्हणाली, "हं. ते."

ओरेस्टने सगळं सांगितलं. विमानतळ, सात शब्द, बेडूक. ती मधे एकदा "तिथून खाली उतर, आत्ताच्या आत्ता!" असं ओरडली, पण ते कुठल्यातरी मुलासाठी होतं.

"म्हणजे माझं मीठ बरोबर होतं," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"मूळ पेपर आला हो नंतर. मी सोडून गेल्यावर तीन आठवड्यांनी. ग्रंथालयाने घरी चिठ्ठी पाठवली, घेऊन जा म्हणून. मी गेले नाही. म्हटलं, आता कशाला वाचायचा." ती हसली, आणि त्या हसण्यात राग असता तर ओरेस्टला बरं वाटलं असतं. "लेख मी तरीही पाठवला, दोन वर्षांनी. आईच्या स्वयंपाकघरात बसून लिहिला. आई म्हणायची, कोण वाचणारे?"

"मी वाचला," ओरेस्ट म्हणाला.

"चांगलं झालं. बरं, घंटा झाली."

"मी गुरुवारी हे सगळं व्याख्यानात सांगणार आहे. तुमचं नाव घेऊन. तुम्ही याल?"

"गुरुवारी सातवीची ज्वालामुखीची जत्रा आहे," सिग्रिड म्हणाली. "पण सांगा तुम्ही."

त्यानंतर त्याने आकडा बघणं बंद केलं. सकाळी तो खोलीत यायचा आणि खुर्चीत बसून खाली जायचा. आयुष्यभर आपण निरोप धाडला आणि तो पाच हजार घरी पोचला, असं त्याला वाटत होतं. आता कळत होतं, की आपण दाराशी उभे होतो. इतकंच नव्हे, एक पोरगी खरा निरोप घेऊन दाराशी आली, तिला आपणच मीठ तपासायला परत धाडलं. त्याला कुणाशी तरी याबद्दल बोलावंसं वाटलं, म्हणून तो विभागप्रमुखाकडे गेला. माणूस खचला की असल्या चुका करतो.

कर्टिस ओगिल्वी विभागप्रमुख होता, त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्याने सगळं शांतपणे ऐकलं.

"ओरेस्ट, मला नीट समजू दे. तू म्हणतोस की विनिन निरोप पोचवत नाही."

"मी हे त्र्याण्णवपासून म्हणतोय."

"अरे, पण पाच हजार लोक म्हणतायत की तू तसं म्हणत नाहीस!"

"त्यांनी वाचलेलं नाही."

"मी गेली नऊ वर्षं विनिनचा निरोप कसा जोरात पाठवता येईल यावर काम करतोय. सहा माणसं आहेत माझ्याकडे. ते सगळं मग कशावर उभंय?"

"माझ्यावर," ओरेस्ट म्हणाला. "तू तरी वाचला होतास का, कर्टिस?"

"सारांश वाचला होता," कर्टिस म्हणाला. मग जरा थांबून, "सारांशाचा सारांश. हे बघ, तू मासिकाला लिही ना, दुरुस्ती छापा म्हणावं."

"लिहिलं. त्र्याण्णवच्या पेपरात चूक नाही म्हणून त्याला दुरुस्ती छापता येत नाही. आणि पंचाण्णवचं मासिक बंद पडलंय."

कर्टिसने टेबलावरची पितळी पाटी उचलली, बाहीने पुसली, पुन्हा ठेवली. 'मलान्युक निरोप कक्ष'.

"गुरुवारी सांग," तो म्हणाला. "तुझा हक्क आहे. फक्त केक कापल्यावर सांग."

गुरुवारी बेचाळीस माणसं जमली. त्यातली तीसेक केकसाठी होती, आणि केक आधीच कापल्यामुळे ती बशा घेऊन बसली होती. ग्लेंडा पहिल्या रांगेत होती. तिने कुठलातरी ठेवणीतला झगा घातला होता. मागे दाराजवळ लुर्देस उभी होती. ओरेस्टची बायको चषक घेऊन सरळ ब्रँडनहून आली होती आणि चषक मांडीवर होता.

ओरेस्टने कागद बाजूला ठेवला. त्याने पडद्यावर एकच वाक्य लावलं, मूळचं, आणि त्यातले सात शब्द लाल केले. मग त्याने सगळं सांगितलं. आपण का कापले, कुठे कापले, किती अभिमानाने कापले. बेडूकही सांगितले, कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. सिग्रिड थॉरवाल्डसनचं नाव त्याने तीनदा घेतलं, सावकाश, अक्षरं सुटी करून, म्हणजे या वेळी तरी उतरवून घेताना चुकू नये. तिचं पत्र वाचून दाखवलं. स्वतःचं दीड ओळीचं उत्तरही वाचलं.

"माझ्या पाच हजार दोनशे चौदा संदर्भांपैकी," तो शेवटी म्हणाला, "एकही माझा नाही. एकच माणूस बरोबर होता, आणि त्याला मी घालवलं. तुमच्यापैकी ज्यांनी विनिनवर वर्षं घातली, त्यांची वर्षं मी घेतली. मला वाटतं, तुम्ही चिडायला हवं. मला दुसरं काही मागायचं नाही."

ग्लेंडा चष्मा पुसत होती आणि तो कधीचा स्वच्छ झाला होता. ओरेस्ट तसाच उभा राहिला. एवढा एक निरोप, त्याला वाटलं, पन्नास पावलं लांबच्या भिंतीपर्यंत तरी जाऊ दे. कुणीतरी उठावं. कुणीतरी म्हणावं, माझी चार वर्षं परत दे. त्याने एकेक तोंड पाहिलं.

मग पहिल्या रांगेत, कडेला, एक हात वर गेला. कर्टिसचा. त्याच्या बशीतला केक तसाच होता आणि चेहरा खरोखर हललेला होता. नऊ वर्षं, सहा माणसं. ओरेस्टने मंचाची कड घट्ट धरली.

"बोल, कर्टिस."

कर्टिस उठला. घसा खाकरला.

"ओरेस्ट, हे फार महत्त्वाचं आहे. हे सगळ्यांपर्यंत पोचलंच पाहिजे," तो म्हणाला. "विभागाच्या बातमीपत्रासाठी लिहून देशील का? जागा कमी आहे, तेवढं पन्नास शब्दांत बसव."